गोळी दिलीत, आता ती कशाबरोबर घ्यायची तेही सांगा

लोहाच्या गोळ्या ज्यांच्या हातून घरोघरी पोचतात त्या सगळ्यांना, म्हणजे आशाताई, आरोग्यसेविका, अंगणवाडीताई, शाळेतले शिक्षक, डॉक्टर, औषध दुकानदार यांना, आणि या कामाची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका खेड्यात राहते. मुलींच्या शाळेत २७ वर्षं गृहविज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. भर उन्हात वाडीवस्तीवर पायी जाऊन गोळ्यांची पाकिटं पोचवणाऱ्या आशाताईंना मी रोज पाहते. तुमच्या कामाचं मोल मला ठाऊक आहे, म्हणूनच जे मनाला लागून राहिलंय ते तुमच्यापुढे मांडते.

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा लागलेला. चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढली की धाप. फाईल पाहिली तर चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.६ आणि तीन महिने गोळ्या घेऊन ८.८. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे आकडा थोडा उतरतो, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तरीही रोज नेमाने गोळी घेणारी मुलगी तीन महिने जागच्या जागी राहावी हे काही पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उलगडा झाला. उठल्या उठल्या तिने गॅसची गोळी घेतली. मग चहा झाला. कपाखालच्या बशीत तिने दोन गोळ्या काढून ठेवल्या, एक लाल लोहाची आणि एक पांढरी कॅल्शियमची, आणि दुधाच्या चहाच्या दोन घोटांबरोबर दोन्ही एकदम गिळल्या. मी विचारलं, "अगं, दोन्ही एकत्र? आणि चहाबरोबर?" ती म्हणाली, "काकू, चहाची वेळ चुकत नाही ना, म्हणून गोळीपण चुकत नाही." तीन महिन्यांत तिने एकही दिवस चुकवला नव्हता. तिला ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण असं फक्त त्याच दारात होतं असं मला वाटत नाही. "रोज एक घ्या" एवढंच तिला सांगितलं गेलं होतं. तिच्या फाईलवर गोळ्या दिल्याच्या सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या.

आता त्या बशीतल्या गोळीचं पुढे काय होतं ते पाहा. चहात टॅनिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्यं असतात. ती पोटात लोहाला धरून ठेवतात, आणि धरलेलं लोह आतड्यातून रक्तात न उतरता तसंच बाहेर जातं. जेवणाबरोबर चहा घेतला तर धान्य-भाजीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येतं. कॅल्शियम लोहाच्या आड येतं. दूध म्हणजेही कॅल्शियमच. आणि पोटातलं आम्ल कमी करणारी गॅसची गोळी आधी घेतली की लोह विरघळायलाच अडचण होते. त्या पोरीने रोज सकाळी पाच मिनिटांच्या आत लोहाच्या वाटेत एकावर एक अडथळे घातले होते, तेही अत्यंत शिस्तीने.

केंद्र सरकारच्या 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात, जो २०१८ साली सुरू झाला, गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असलेली लाल गोळी १८० दिवस मिळते, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, त्याहून लहानांना पातळ औषध. आखणी उत्तम आहे. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घ्यायची नाही, हेही सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार-सूचनांत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. कागदावर सगळं आहे. तो कागद माझ्या पुतणीच्या बशीपर्यंत आला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे तुमच्याकडे माझ्याआधी येतात. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के अॅनिमियाग्रस्त होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हा आकडा ५४.२ टक्के झाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ५३.८ वरून ६८.९. गोळ्या वाटण्याचं काम वाढत असताना रक्त कमी असणाऱ्या बायका-मुलंही वाढली. याची कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष चहावर ढकलणं खोटं ठरेल. पण आपल्या नोंदवहीत गोळी दिली की नाही हे मोजलं जातं आणि ती अंगी लागेल अशी घेतली का, यासाठी रकानाच नाही. जे मोजत नाही त्याची चौकशीही होत नाही.

पुतणीसाठी आम्ही एवढंच केलं. डॉक्टरांना विचारून लोहाची गोळी रात्री नेली, जेवणानंतर तास-दीड तासाने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर. चहा बंद केला नाही, कारण चहा बंद कर म्हटलं तर कुणीही ऐकत नाही. तो चार वाजता सरकवला आणि सकाळचा एक जेवणापासून दूर ठेवला. गॅसच्या गोळीची गरज आहे का हे डॉक्टरांनाच विचारलं, त्यांनी ती थांबवली. आणि तिला आधीच सांगून ठेवलं की शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. कितीतरी बायका ते काळं पाहून गोळी टाकून देतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. पाच आठवड्यांनी आकडा ९.९ आला. एका मुलीच्या आकड्यावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण जे आधीच सिद्ध आहे ते घरात पाळलं तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

हे झालं गोळीचं. मला खरं बोलायचंय ते चुलीबद्दल, कारण तिथे तर कुणी काहीच सांगत नाही.

'हिरव्या पालेभाज्या खा' हे वाक्य प्रत्येक भिंतीवर असतं. भाजी कशी करायची हे कुठल्या भिंतीवर मी वाचलेलं नाही. माझ्या शेजारणीची मेथी पाहा. जुडी निवडायची, बारीक चिरायची, चिरल्यावर तीन पाण्यांतून धुवायची, कडूपणा जावा म्हणून मीठ लावून पिळायची आणि ते हिरवं पाणी मोरीत ओतायचं. करडईची आणि चाकवताची भाजी तर काही घरांत आधी उकडून पिळून घेतात. लोह त्यातूनही बरंचसं टिकतं, पण फोलेट (गोळीतल्या फोलिक अॅसिडचं पानातलं रूप) आणि जीवनसत्त्व क दोन्ही पाण्यात विरघळणारी आहेत आणि दोन्ही जास्त आचेला टिकत नाहीत. ती त्या मोरीतल्या पाण्याबरोबर जातात. भाजी आधी धुवा, मग चिरा. उकडलीत तर ते पाणी आमटीत घाला. झाकण ठेवून थोडक्या पाण्यात, थोडक्या वेळात शिजवा. इतकं सांगायला अर्धं मिनिट लागत नाही.

या फोलेटचं आणि आपलं एक जुनं नातं आहे, ते तुम्ही प्रशिक्षणात जरूर सांगा. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर बायकांच्या अॅनिमियाचा अभ्यास केला. त्या बायका कापड गिरण्यांतल्या कामगार होत्या, गरीब, आणि ताटात फळं-भाजीपाला जवळजवळ नाही. रक्त तर कमी, पण लोह देऊनही सुधारत नव्हतं. विल्सबाईंनी त्यांना यीस्टचा अर्क देऊन पाहिला आणि त्या बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं. त्या अर्कात काय आहे हे तेव्हा कळलेलं नव्हतं, म्हणून त्याला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याला फोलिक अॅसिड नाव मिळालं. तुमच्या लाल गोळीतला तो अर्धा भाग गिरणगावातल्या बायकांच्या आजारातून सापडला आहे. आज त्यांच्याच नाती-पणती ती गोळी घेतात आणि पानांतलं तेच द्रव्य मोरीत ओततात, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आता कढईकडे येते. माझ्या सासूबाईंच्या वेळी आमच्या घरात दोन लोखंडी कढया, बिडाचा तवा आणि लोखंडी पळी होती. हुलग्याचे शेंगोळे त्याच कढईत व्हायचे. रस्सा काळसर दिसायचा आणि तसाच आवडायचा. माझ्या लग्नानंतर हळूहळू अॅल्युमिनियम आलं, मग कुकर, मग न चिकटणारा तवा. लोखंडी कढई माळ्यावर गेली आणि तिथे गंजली. मी पुतणीसाठी ती काढली. चिंचेच्या चोथ्याने घासली, गंज उतरेपर्यंत. मग चुलीवर कोरडी तापवली, तेलाचं बोट फिरवलं, थंड झाल्यावर पुन्हा तेल. असं तीनदा केल्यावर तिला पुन्हा ती जुनी काळी चमक आली. पहिल्या दिवशी तिच्यात शेंगोळेच केले. लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून फोडणीत, पाणी उकळल्यावर हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या शेंगा सोडल्या, वरून चिंचेचा कोळ, मंद आचेवर वीस मिनिटं. उतरवताच स्टीलच्या पातेल्यात काढले. कढईत तसेच ठेवले असते तर रात्रीपर्यंत लोखंडाची चव उतरली असती आणि कढईलाही पुन्हा गंज धरला असता.

लोखंडाच्या भांड्यातून अन्नात लोह उतरतं, हे आजीबाईंचं म्हणणं म्हणून मी सांगत नाही. पदार्थ जितका ओला, जितका आंबट आणि जितका वेळ शिजेल तितकं जास्त उतरतं. कोरड्या पोळीत तव्यातून फारसं येत नाही. इथिओपियात लहान मुलांच्या दोन गटांत वर्षभर पाहणी झाली होती, एका गटाचं जेवण लोखंडी भांड्यात आणि दुसऱ्याचं अॅल्युमिनियमच्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकात निष्कर्ष आले: लोखंडी भांड्यातलं जेवणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ठळकपणे जास्त वाढलं. कढईतून नेमकं किती लोह आलं हे कुणी घरी मोजू शकत नाही, म्हणून कढई घेतली तर गोळी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. दोन्ही एकत्र चालू द्या. अंगणवाडीत आणि शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात निदान आमटी-उसळीसाठी एक मोठी लोखंडी कढई असावी, एवढं मागणं मात्र मी मनापासून मागते. अॅल्युमिनियमच्या पातेल्यांची खरेदी तशीही होतेच.

बाजरीबद्दल तर आमच्याच जिल्ह्यात काम झालेलं आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था यांनी मिळून 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण आणलं, ज्याच्या दाण्यात नेहमीच्या बाजरीपेक्षा लोह जास्त आहे. २०१२ साली ते महाराष्ट्रात आलं. पुढे नगर जिल्ह्यातल्या वसतिगृहांतल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना सहा महिने जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी देऊन पाहिलं. ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांच्यात ते भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीची भाकरी खाणाऱ्यांच्या दीडपटीहून जास्त दिसली. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. गावातल्या किती आशाताईंना हे ठाऊक आहे? मी विचारून पाहिलं, आमच्या आजूबाजूला एकीलाही नव्हतं, आणि यात त्यांचा काही दोष नाही.

भाकरीबरोबर काय खायचं, हे आपल्या जुन्या ताटाने आधीच ठरवून ठेवलेलं होतं. भाकरी, कांदा फोडून, हिरव्या मिरचीचा ठेचा, उसळीवर लिंबाची फोड. धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचं द्रव्य असतं, तेही लोहाला धरून ठेवतं. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की मोड येताना हे फायटेट बरंच कमी होतं आणि वर थोडं जीवनसत्त्व क तयार होतं. नाचणीला मोड आणून दळायची पद्धत बाळाच्या सत्त्वासाठी होतीच. लिंबातलं क लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवतं, म्हणून ते शोषलं जातं. पण लिंबू ताटात पिळायचं, उकळत्या आमटीत नाही, कारण आचेवर क नाहीसं होतं. कांदा-लसणाने धान्यातलं लोह सुटं व्हायला मदत होते, असं म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत दिसलं आहे. रानात दगडावर मूठ मारून कांदा फोडणाऱ्या माणसाला हे शास्त्र माहीत नसेल, पण ताट बरोबर होतं. आज त्या ताटातून लिंबू आणि कांदा गेला आणि जेवण उतरायच्या आत चहाचा कप आला.

जे मांसाहार करतात त्यांना तर स्पष्ट सांगावं, संकोच करू नये. मटण, काळीज, मासे यांतलं लोह भाजी-धान्यातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं, आणि हे पदार्थ जेवणातल्या बाकीच्या लोहालाही सोबत घेऊन जातात. महिन्यातून दोनदा मटण होतं त्या घरात काळजाचा तुकडा पुरुषाच्या ताटात जातो आणि गरोदर सुनेला रस्सा उरतो, हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय. तुमचा शब्द सासूबाई ऐकतात. तो तिथे वापरा.

रेशनच्या तांदळाबद्दल एक गोष्ट तातडीने बोलायला हवी. या तांदळात गेल्या काही वर्षांत शंभर किलोला एक किलो या प्रमाणात पौष्टिक दाणे मिसळून दिले गेले. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक अॅसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ घालून ते दाण्याच्या आकाराचे केलेले असतात. थोडे पांढुरके दिसतात, काही धुताना तरंगतात. आमच्या आळीत एक आजी दुपारभर उन्हात सूप घेऊन बसायच्या आणि हे दाणे एकेक करून निवडून कोंबड्यांना टाकायच्या. "प्लास्टिकचा तांदूळ आहे गं, पोरांच्या पोटात जायचा," असं त्या मला काळजीने सांगत होत्या. इतक्या प्रेमाने केलेली निवड, आणि सगळं पोषण कोंबड्यांच्या पोटी. रेशन दुकानात पोत्यावर काहीतरी छापलेलं असतं, पण ते वाचून दाखवायला कुणी नसतं. एक मूठ दाणे भिजवून, बोटाने चुरगाळून त्या आजींना दाखवलं की ते पीठच आहे, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

आता गोळीला जे जमत नाही त्याबद्दल. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं दर वेळी नसतं. कंबोडियात लोखंडाचा मासा पातेल्यात टाकून अन्न शिजवायची कल्पना फार गाजली होती. २०१७ साली काळजीपूर्वक पाहणी झाली तेव्हा तिथल्या अॅनिमिया असलेल्या बायकांच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक पडला नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकींचा अॅनिमिया लोहाच्या कमतरतेचा नव्हताच. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष तिथे पुष्कळ आहेत. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल हा तसाच आनुवंशिक आजार आहे. तो असलेल्या बाईला तपासणी न करता लोह वाढवत नेणं योग्य नाही. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असतं, आणि तिथे नुसतं फोलिक अॅसिड देत राहिलं तर रक्ताचा अहवाल सुधारल्यासारखा दिसून बी-१२ ची उणीव झाकली जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं वर्षानुवर्षं पाहिली. ज्या आयांमध्ये गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सर्वांत कमी, म्हणजे पुढे मधुमेहाकडे झुकणारा, आढळला. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणून, गोळी नीट घेऊन महिनाभरात आकडा हलला नाही तर दुसरं पाकीट हातात देण्याआधी पुढची तपासणी व्हायला हवी. जंताची गोळी झाली का, पाळीत अंगावरून फार जातं का, सिकलसेलची चाचणी केली का, बी-१२ पाहिलं का, हे विचारायला हवं.

आणि ही माहिती तुम्ही देत नाही तिथे दुकान ती देतं. रक्तवाढीचं टॉनिक, रक्तवाढीची पावडर, बीटाचं चूर्ण. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं असा समज आहे. तो लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा, लोहाशी त्याचं काही नातं नाही. डाळिंबाचंही तेच. गुळाच्या खड्यात लोह असतं, पण जेमतेम मिलिग्रॅमभर, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. पालकात लोह आहे, पण त्याच पानात ते अडवणारी द्रव्यंही आहेत. खाऊ नका असं म्हणत नाही, पण त्यावर विसंबून सरकारी गोळी बाजूला ठेवणाऱ्या आणि महागड्या डब्यावर मजुरीचे पैसे घालणाऱ्या बायका मी पाहते. फुकट मिळणारी गोळी हलकी आणि विकतची भारी, हा समज फक्त तुमच्याच तोंडून जाऊ शकतो.

एक धोक्याची गोष्टही सांगा, ती कधीच सांगितली जात नाही. या लाल गोळ्या लहान मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात. मूठभर गिळल्या तर विषबाधा होते, जिवावर बेतू शकतं. पाकीट फडताळात वर ठेवायचं, उशाशी नाही. आणि एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. शाळेतल्या शिक्षकांनी निळी गोळी मुलांना उपाशीपोटी देऊ नये, पोषण आहार झाल्यावर द्यावी. मळमळलं की पुढच्या आठवड्यात निम्मी मुलं गोळी खिशात घालून घरी नेतात आणि नाल्यात टाकतात.

अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी. गोळीच्या पाकिटावर चित्र छापा: चहाच्या कपावर फुली, शेजारी लिंबाची फोड. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळेल. आशाताईंच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा, 'गोळी कशाबरोबर घेते हे विचारले का'. आधीच्या पंचवीस रकान्यांचं ओझं त्यांच्यावर आहे हे जाणून, त्यातला एखादा कमी करून हा वाढवा. प्रशिक्षणाच्या दिवशी तासभर तरी चूल पेटवा. मेथी धुवून चिरून दाखवा, कढई घासून दाखवा, रेशनचा दाणा भिजवून चुरगाळून दाखवा. फळ्यावर लिहिलेलं बायका विसरतात, हाताने केलेलं विसरत नाहीत. २७ वर्षं शिकवून माझ्या हाती हाच अनुभव आला आहे.

आमच्या अंगणवाडीत महिन्याच्या बैठकीला ज्या गरोदर बायका येतात त्यांच्यासाठी मी माझी कढई, मोड आलेली मटकी आणि लिंबं घेऊन यायला तयार आहे. पुतणी आता तिच्या घरी गेली. जाताना तिने माळ्यावरची दुसरी कढई मागून नेली. तिची लाल गोळी बाळंतपणानंतरची अजून चालू आहे, रात्रीची. बैठकीचा दिवस तेवढा कळवा, मी सकाळी दहाला येते.

आपली,
एक निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका